लोरेटा मुलकीनची नजर

"दार बंद झालं," अंधारात लोरेटा मुलकीन पुटपुटली आणि मांडीवरच्या कागदावर तिने पेन्सिलीने खूण केली.

शेजारच्या खुर्चीतल्या मिसेस कॅव्हनॉने चष्मा सावरला. "झालं तर झालं, बाई. थंडी आहे त्यांच्याकडे. वारा येत असेल."

"वारा म्हणे! आत तो आहे, ती आहे, आणि दार लागल्याबरोबर एकदम सकाळ. टेबलावर कप किती आहेत ते बघ."

"दोन."

"मग?"

मिसेस कॅव्हनॉने सुस्कारा सोडला आणि मुकाट्याने आपल्याही कागदावर खूण केली. लोरेटाच्या नजरेपुढे कुणाचं काही चालत नसे.

मॅनहॅटनमधल्या एका चित्रपट कंपनीच्या त्या छोट्याशा थिएटरात दहा-बारा बायका बसल्या होत्या. सगळ्या कॅथलिक शाळा-कॉलेजांतून शिकलेल्या, बहुतेकींची मुलं मोठी झालेली. चित्रपट लोकांसमोर येण्याआधी तो यांच्यासमोर यायचा. सर्वांना चालेल, फक्त मोठ्यांना चालेल, काही अंशी आक्षेपार्ह, की साफ निषिद्ध, हे या सांगायच्या. मग चर्चच्या ऑफिसातले फादर शिक्का मारायचे आणि तो निकाल देशभरच्या चर्चच्या दारांवर लागायचा. दर डिसेंबरात रविवारच्या चर्चमधल्या प्रार्थनेला माणसं उभी राहून, उजवा हात वर करून शपथ घ्यायची की वाईट चित्रपटाच्या वाटेला जाणार नाही. वाईट कुठला, ते मात्र या बायकांनी आधीच बघून ठेवलेलं असायचं. पगार नाही, काही नाही. लोरेटा सोळा वर्षं हे करत होती आणि जीव ओतून करत होती.

सिनेमावाले लबाड, हे तिचं ठाम मत. उघड दाखवलं तर अडकतील, म्हणून ते दाखवत नाहीत, सुचवतात. दार लावतात, पडदा हलवतात, विझलेली सिगारेट दाखवतात. नव्या बायका आल्या की ती सांगायची, "दार लागलं की आत काय चाललंय ते बघायची वाट बघू नका. ते कधीच दाखवणार नाहीत. आपण ओळखायचं."

आजच्या चित्रपटात एक बाई दारुड्या नवऱ्याला सोडून जाते आणि दुसऱ्याबरोबर सुखात राहते. दिवे लागले तेव्हा दोघी-तिघी डोळे पुसत होत्या.

"मोठ्यांना चालेल की," मिसेस कॅव्हनॉ म्हणाली. "बिचारीने किती सोसलं!"

"तिथेच तर फसवतात!" लोरेटा उसळली. "आधी रडवतात आणि मग घटस्फोट गळी उतरवतात. आक्षेपार्ह. आणि मी सांगते, तो दुसरा माणूस पहिल्यापासून होता. कुणी असल्याशिवाय बाई घर सोडत नाही."

हे ती जरा मोठ्यानेच बोलली. खोलीत कुणी तिच्याकडे बघेना. तिच्या मुलीने, रोझलीनने, फेब्रुवारीत नवरा सोडला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारच्या चित्रपटाची रिळं आलीच नाहीत, म्हणून बायका लवकर सुटल्या. लोरेटा एरवी घरी ब्राँक्सला जायची, ती आज रोझलीन राहायची त्या अॅस्टोरियाच्या गाडीत बसली. पडद्यावरची ती बाई केस मागे सारायची, ते थेट रोझलीनसारखं. सकाळपासून तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. नवरा मारतो म्हणून निघून आले, असं पोरगी म्हणाली होती. गालावरचा डाग लोरेटाने पाहिलाही होता. वेगळं राहायला फादरांचीही हरकत नव्हती. पण सात महिने झाले, परत जायचं नाव नाही. मग नक्की काय आहे? ती नवऱ्याकडे परत जाईपर्यंत या घरातलं कुणी तिचा उंबरा ओलांडणार नाही, असं लोरेटाने जेवणाच्या टेबलावर बजावलं होतं. एमेटने, तिच्या नवऱ्याने, खाली बघत मान डोलावली होती. आज तिने स्वतःच तो नियम मोडला, पण भेटायला म्हणून नव्हे, छडा लावायला म्हणून.

रोझलीनने दार उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. "आई? तू? आज शुक्रवार ना?"

"का? शुक्रवारी यायचं नसतं?"

लोरेटा आत शिरली. एकच बैठकीची खोली, कोपऱ्यात शेगडी. टेबलावर पत्ते मांडलेले, आणि दोन कप. एकातून अजून वाफ येत होती. हवेत सिगारचा वास. झोपायच्या खोलीचं दार लागलेलं. तिच्या छातीत धस्स झालं, पण खरं सांगायचं तर त्या धस्समध्ये थोडा विजयही होता.

"कोण आलंय?"

"कुणी नाही. बस ना, कॉफी करते."

"दोन कप कुणाचे?"

"एक माझा, आणि..." रोझलीन थांबली.

तेवढ्यात लागलेल्या दारामागे फळी करकरली. कुणीतरी पाय बदलला होता. रोझलीन म्हणाली, "आई, दार उघड आणि बघ. कडी लावलेली नाही."

"मला गरज नाही."

"उघड गं. चार पावलं आहेत."

"सोळा वर्षं मी हेच बघतेय, रोझलीन! मला दार उघडावं लागत नाही." लोरेटाचा आवाज चढला. "मारतो म्हणे! आम्हाला खुळं समजलीस? मी पोरासारखं प्रेम केलं त्या जावयावर. आता कळलं त्याने हात का उचलला ते. उगीच नाही उचलला."

रोझलीन पांढरी पडली. तिने त्या बंद दाराकडे पाहिलं. कुणीतरी आता बाहेर येईल, बोलेल, म्हणून पाहिलं. दार हललं नाही.

"जा तू," ती म्हणाली.

घरी येऊन लोरेटाने मासे तळायला घेतले. शुक्रवार होता, मांस वर्ज्य. तेल उडत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि फादरांना काय सांगायचं याची ती जुळणी करत होती. एमेट आला तो कोट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस, बोलायला आधीच कंजूष.

"हात धुऊन घे," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुझ्या लेकीचे पराक्रम सांगते."

"मी होतो," एमेट म्हणाला.

"काय होतास?"

"आत. रोझीच्या खोलीत. तुझा आवाज ऐकला आणि आत पळालो." "मी दर शुक्रवारी जातो, लोरेटा. तुला दिवसभर काम असतं ना. पत्ते खेळतो. एक सिगार ओढतो. डॉक्टरला कळत नाही, तुलाही कळत नाही."

लोरेटाच्या हातातला झारा तसाच राहिला.

"मग बाहेर का नाही आलास? मी इतकं बोलले पोरीला, तू ऐकत होतास!"

"घाबरलो."

"कुणाला?"

एमेट नुसता तिच्याकडे बघत राहिला. मासे करपले. दोघांनीही ते तसेच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोरेटा एकटीच अॅस्टोरियाला गेली. येतो म्हणाला होता एमेट, तिने नको सांगितलं. जिना चढताना तिने काय बोलायचं ते चार-पाच वेळा घोकलं.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून रोझलीनचा अर्धा चेहरा दिसला.

"बाबांनी सांगितलं?"

"हो. चुकलं माझं, रोझी. माझ्या मेलीच्या डोक्यात भलतंच आलं. मला वाटलं, आत कुणी परका..."

"आणि असता परका, तर?"

"म्हणजे?"

"तर मला मारलं ते बरोबर होतं?"

लोरेटाने तोंड उघडलं. आत बाप होता म्हणून ती माफी मागायला आली होती. तेवढ्याचीच तिने तयारी केली होती. गालावरचा तो डाग तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, काळानिळा, कुणीही न सुचवता दिसणारा, आणि त्याच्यावरच तेवढा तिने विश्वास ठेवला नव्हता.

रोझलीन थोडा वेळ थांबली. मग दार लागलं.

लोरेटा तिथेच उभी राहिली. खाली उतरावं असं वाटलं, पण पाय निघेना. पुन्हा ठोठावायचा धीर होईना. तिचे गुडघे दुखायला लागले. तिने भिंतीला हात टेकला, पर्स या हातातून त्या हातात घेतली. आत नळ वाहत होता, भांडी वाजत होती. नंतर तेही थांबलं.

साखळी निघाली. रोझलीनने स्वयंपाकघरातली एक खुर्ची बाहेर आणली, भिंतीशी ठेवली, पाय डुगडुगतोय का ते हाताने दाबून पाहिलं, आणि आत निघून गेली.

लोरेटा खुर्चीवर बसली.

वरच्या मजल्यावरची एक बाई बाजाराच्या पिशव्या घेऊन धापा टाकत जिना चढत आली. तिला बघून थांबली.

"कुणाची वाट बघताय का?"

"मुलीची," लोरेटा म्हणाली.

"घरात नाहीये का ती?"

"आहे की," लोरेटा म्हणाली, आणि त्या बाईला जायला वाट व्हावी म्हणून तिने पाय जवळ घेतले.