वाया घालवायचे तीन महिने

“काका, तुमी एवढी वीज काहून वाचवून ठेवली?”

इमारतीचे मालक पियूषशेठने विचारलं तेव्हा शालिकरामला आधी वाटलं, शाबासकीच मिळते आहे. तो कसनुसा हसला. मग त्याच्या लक्षात आलं की केबिनमध्ये दुसरं कोणी हसत नाही.

टेबलावर त्याची रजिस्टरं पडली होती. रामदासपेठेतल्या त्या पाच मजली इमारतीच्या तळघरात एसीचा प्लांट होता आणि एकोणीस वर्षं शालिकराम तो चालवत होता. दर दोन तासांनी मीटर बघायचं, आकडा लिहायचा, पुढे सही करायची. बिल साऱ्या इमारतीचं एकत्र यायचं. एकट्या प्लांटला किती वीज लागली, ते फक्त या रजिस्टरांवरून कळत होतं.

समोर बसलेल्या भैरवी मॅडम वीजबचतीच्या सल्लागार होत्या. त्यांनी शालिकरामला खुर्चीवर बसवलं आणि सावकाश समजावून सांगितलं. इमारतीत नवी यंत्रणा बसवायची आहे. तिने जुनीपेक्षा तीस टक्के वीज वाचवली, तर दाखला मिळतो आणि त्या दाखल्यावर मालकाला करात सूट मिळते. पण इथला जुना खर्चच इतका कमी, की नवी यंत्रणा फार तर दहा-बारा टक्के खाली जाईल.

“जाड माणसाचं वजन उतरवता येतं, काका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ही इमारत आधीच वाळवून ठेवली आहे.”

ते खरं होतं, आणि त्याला तसं कुणी करायला सांगितलं नव्हतं. ऑफिसं सहाला सुटत. तो साडेपाचलाच मशीन बंद करी. पाण्यात उरलेला गारवा अर्धा तास पुरतो, हे त्याने पहिल्याच उन्हाळ्यात पाईप हाताने चाचपून ओळखलं होतं. गच्चीवरच्या कूलिंग टॉवरच्या जाळ्यांवर क्षार साचायचा, तो दर रविवारी स्वतः घासून काढी. पश्चिमेच्या काचांवर मार्चमध्येच वाळ्याच्या ताट्या लावी. जिन्यात दिवा जळताना दिसला की बोट आपोआप बटणावर जाई. नरखेडकडच्या त्याच्या गावात वीज आली की माणसं भरल्या ताटावरून उठून विहिरीवर मोटार सुरू करायला धावत. तिथे वाढलेल्या माणसाला रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा बघवत नसे. थोरले शेठ, वामनराव, म्हणायचे, शालिकराम, तुह्या हातातच मीटर हाय.

पियूषशेठ म्हणाला, नवी रजिस्टरं करू. आकडे मी देतो, तुम्ही फक्त उतरवून काढा.

“मी लिहिलेलं बदलवणार नाही, शेठ,” शालिकराम म्हणाला. “मीटर जे दाखवते तेच लिहितो मी.”

“मंग मीटरलेच जास्त दाखवू द्या ना. कोन अडवून राहिलं?”

आणि तसंच ठरलं. मार्च, एप्रिल, मे, एवढ्या तीनच महिन्यांचं रजिस्टर दाखवायचं, आणि तेवढे दिवस प्लांट असा चालवायचा की आकडे फुगतील. भैरवी मॅडम तेव्हा खिडकीबाहेर बघत होत्या. घरी जाताना शालिकरामला सुटल्यासारखं वाटलं. त्याला खोटा आकडा लिहावा लागणार नव्हता.

बायकोला, प्रेमिलालाही त्याने तेच सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “म्हंजे हातानं खोटं करसान अन् पेनानं खरं लिहिसान?”



ताट्या त्या वर्षी माळ्यावरून उतरल्याच नाहीत. टॉवरच्या जाळ्यांवर पांढरा थर चढत गेला. रविवारी गच्चीवर गेला की त्याचे हात शिवशिवायचे, मग त्याने वर जाणंच सोडलं. मशीन पहाटेपासून चालू असायचं. मे महिन्यातल्या एका रविवारी तिसऱ्या मजल्यावर एकही माणूस नव्हता आणि एसी अठरावर होता. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. झाडलोट करणाऱ्या इंदुताई फरशी पुसता पुसता थांबल्या, आणि गार हवेखाली जाऊन उभ्या राहिल्या.

“हे कोनासाठी चालू हाय गा, शालिकभाऊ?”

“कोनासाठीच नाही.”

त्या हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. मग पदराने मान पुसत म्हणाल्या, “आमच्या इकडं सकाळपासून लाइन नाही. नातीले ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवून आली.”

शालिकराम तळघरात उतरला. रजिस्टर उघडलं. रविवारच्या रकान्यात एकोणीस वर्षं शून्य असायचं. त्याने मीटर बघितलं, आकडा लिहिला आणि पुढे सही केली. आकडा खरा होता.

पावसाळ्यात नवी यंत्रणा बसली. उन्मेष नावाच्या इंजिनिअरने त्याला सगळं दाखवलं: मशीन आपलं आपण चालू-बंद होतं, जिन्यातला दिवाही माणूस आला की लागतो, गेला की विझतो. हिवाळ्यात दाखला आला. खाली हॉलमध्ये छोटासा समारंभ झाला, पेढे वाटले. खुर्च्यांवर अहवालाच्या प्रती ठेवल्या होत्या. शालिकरामने एक उचलली. अकराव्या पानावर त्याच्या रजिस्टरचा फोटो होता, मे महिन्यातल्या त्या रविवारच्याच नोंदीचा. खाली छापलं होतं: पूर्वीचा अतिवापर मुख्यतः ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे होत असे.

त्याने ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. मग भैरवी मॅडमना गाठलं.

“मॅडम, हे माह्याबद्दल हाय?”

“कारण काहीतरी द्यावं लागतं, काका. मी तुमचं नाव घातलेलं नाही.”

“सही हाय ना.”

त्याने जुनी रजिस्टरं मागितली. ती दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली होती.

प्लांटला आता ऑपरेटर लागत नव्हता. महिनाअखेरीस पियूषशेठने शाल दिली, नारळ दिला, आणि काका, येत जा, असंही म्हणाला. दुपार कलली होती. शालिकराम पाना, जुना चष्मा आणि डबा पिशवीत टाकून तळघरातून निघाला.

जिन्यात दिवा जळत होता आणि आजूबाजूला कोणी नव्हतं. त्याचं बोट सवयीने भिंतीवर गेलं. बटण नव्हतं; त्या जागी सिमेंटने बुजवलेला चौकोन होता. तो तसाच उभा राहिला, आणि दिवा जळत राहिला. थोड्या वेळाने त्याला उमगलं की तो आपल्यासाठीच जळतो आहे.

पिशवी सावरून तो भरभर पायऱ्या चढला. फाटकापाशी जाऊन वळून पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी उजेड अजून होता. तो ऊन अंगावर घेत थांबला. उजेड विझला, तेव्हा कुठे तो घराकडे निघाला.