सात रिकामे खांब

"थांबलीस का? वाच की," सालोता म्हातारी म्हणाली. "माझा बाप काय बोलला ते वाच."

फुआतिनोने हातातला कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. त्यावर आमच्या अभिलेखागाराचा गोल शिक्का होता, क्रमांक होता, संचालकांची सही होती. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने न्यायासनासमोर बसून आपली वंशावळ सांगितली होती. ती जिथे असायला हवी होती, तिथे एकच ओळ होती: 'मागितलेले पान सापडले नाही.'

"आजी, हे तुमच्या वडिलांचं बोलणं नाही."

"ते मलाही कळतं गं. माझा बाप एका ओळीत गप्प बसणारा नव्हता." म्हातारीने पंखा गुडघ्यावर आपटला. "परवा सोमवारी इथूनच दिला हा कागद मला. माझ्या चुलतभावांनीही एक प्रत नेली. आता गावभर सांगत फिरतायत, सरकारच म्हणतंय, तुझा बाप कधी बोललाच नाही. पुढच्या सोमवारी जमिनीची सुनावणी. माझ्या दारातली थडगी त्यांच्या अंगणात जायची वेळ आलीय."

ती सवाई बेटावरून पहाटेच्या बोटीने आली होती. तिच्या लव्हाळ्याच्या पिशवीत उकडलेला तारोचा कंद आणि औषधाच्या गोळ्या होत्या.

मी शेजारच्या टेबलावर होते आणि मान वर करायचे टाळत होते. भिंतीवरच्या फलकावर हिरव्या अक्षरांत झळकत होते: ११,४१२ पैकी ११,४१२. परदेशातल्या एका ग्रंथालयाने पूर्वी कधी तरी आमच्या जुन्या सुनावण्यांची छायाचित्रे काढून ठेवली होती. मूळ वह्या वादळात गेल्या. उरले होते ते समुद्रापलीकडच्या एका यंत्राच्या पोटात, आणि तिथून एकेक दस्तऐवज मागवून आमच्या संग्रहात भरण्याचे काम तीन आठवडे चालले होते. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर दोन सह्या लागत. त्यांतली माझी आदल्या दिवशीच झाली होती. फलक हिरवा होता. मी हिरव्या रंगाखाली सही केली.

दुसरी सही फुआतिनोची होती.

तिने म्हातारीला बाकावर बसवले, पाणी दिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पेनिना, तो एकच नसणार."

तो एकच नव्हता. तासाभरात तिला असे तीनशे अठरा कागद सापडले. काहींवर 'सापडले नाही' होते. बहुतेकांवर मात्र 'फार घाई करत आहात, थोड्या वेळाने या' अशी चक्क विनंती होती. त्या विनंत्यांना आम्ही क्रमांक दिले होते, गावांची नावे दिली होती, आणि वंशावळी म्हणून जपून ठेवले होते.

या कामाचा प्रोग्राम लिहिणारा सल्लागार डार्सी ब्रिस्बेनचा. माणूस वाईट नव्हता. चार वर्षे इथे आपियात राहून घाम पुसण्याची सवय तेवढी सुटली नव्हती. फुआतिनोने त्याला खुर्चीसकट आपल्या पडद्यासमोर ओढले.

"पलीकडचं यंत्र प्रत्येक हाकेला आधी एक आकडा देतं. बरोबर?"

"बरोबर. दोनशे म्हणजे घ्या. चारशे चार म्हणजे इथे नाही. चारशे एकोणतीस म्हणजे दमानं घ्या."

"आणि तुझा प्रोग्राम तो आकडा बघतच नाही."

डार्सी कपाळ पुसत हसला. "एका पानापायी सगळी रांग अडू नये म्हणून तसं ठेवलं होतं, बाई. आलं ते घ्यायचं आणि पुढं जायचं."

"आलं ते घ्यायचं!" तिने मान हलवली. "तू गावच्या सभेला कधी गेलायस?"

"गेलोय की. मांडी घालून घालून पाय मेले माझे."

"मग सभाघराचे खांब पाहिले असशील. टेकून बसायला प्रत्येक पदाचा खांब ठरलेला. त्या पदाचा माणूस आजारी असो, परदेशी असो, मेलेला असो आणि वारस ठरायचा असो, खांब रिकामा राहतो. टेकायला दुसरा कोणी जात नाही. रिकामा खांब बघून सगळ्यांना कळतं की इथे कोणीतरी आहे आणि तो आलेला नाही. तू काय केलंस? जो माणूस दारात येऊन सांगत होता की साहेब आत्ता भेटणार नाहीत, त्यालाच साहेबांच्या खांबाशी बसवलंस. वर हजेरी लावलीस."

डार्सी हसायचा थांबला. म्हणाला, "शेकडा तीनसुद्धा नाहीत गं."

"बाकावर बसलीय ती बघ. तिला सांग शेकडा किती ते."

त्याने बाकाकडे पाहिले नाही.

संचालक इओसेफो दुपारी आले. शुक्रवारी उद्घाटन होते. मंत्री येणार, देणगीदार येणार, जमिनीत खणलेल्या भट्टीत डुकरे भाजली जाणार. त्यांच्या शर्टावर छापलेली जास्वंदे त्यांच्यापेक्षा प्रसन्न दिसत होती.

"फुआतिनो, सही राहिलीय म्हणे?"

"सही राहिली नाही, साहेब. मी ती ठेवलीय."

"हे बघ बाई, तक्रार-बिक्रार नंतर. आधी उद्घाटन होऊ दे."

तिने खुर्ची पडद्याकडे वळवली. कळफलकावर दोन बोटे टेकवली. भिंतीवरचा फलक लुकलुकला, आणि भर कचेरीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, हिरवी अक्षरे लाल झाली: ११,४१२ पैकी ११,०९४.

टंकयंत्रांच्या काळापासून मी त्या खोलीत बसते. आकडा मागे गेलेला मी तिथे कधी पाहिला नव्हता.

"काय केलंस तू?" संचालकांचा आवाज चढला.

"खोटी माणसं उठवली. तीनशे अठरा. त्यांची प्रत आणि यादी तुमच्या टेबलावर आहे. हवं तर पुन्हा बसवा. पण तुमच्या हाताने बसवा."

त्यांनी ती बसवली नाहीत. निघून गेले, दार मात्र जोरात लावले.

गुरुवारी सकाळी फुआतिनोने डार्सीच्या मदतीनेच प्रोग्राम नव्याने लिहिला. तो आता आधी आकडा पाही. दोनशे असेल तरच दस्तऐवज आत घेई. 'दमानं घ्या' असे उत्तर आले की पलीकडचे यंत्र सांगेल तितका वेळ उभा राही आणि मग पुन्हा हाक मारी. बाकी प्रत्येक नकार वेगळ्या रकान्यात जाई, आकडा आणि वेळेसकट. दस्तऐवजाची जागा मोकळीच राही. दर दहा पानांनंतर दोन मिनिटे गप्प बसावे लागे. त्या दोन मिनिटांत खिडकीबाहेरच्या ब्रेडफ्रूटच्या झाडाचे पान पडल्याचा आवाजही येई, आणि मला वाटे, वाट पाहणे हीसुद्धा एक लिपी असावी. आम्ही ती फार भराभर विसरलो.

जेवणापर्यंत तीनशे अकरा दस्तऐवज आले. खरे. तिरप्या, थरथरत्या, शाई पसरलेल्या अक्षरांचे.

"एवढंच लागणार होतं?" डार्सी म्हणाला. "अर्धा दिवस?"

"मग घाई कसली होती तुला?"

सात आले नाहीत. पाच वेळा विचारले, पाचही वेळा चारशे चार. त्या सातांत सालोताचा बाप होता.

संचालक पुन्हा आले तेव्हा सौम्य होते, आणि ते अधिक कठीण होते. "छान झालं. आता ते सात 'अस्तित्वात नाही' म्हणून नोंदव. यादीतून गळतील. ११,४०५ पैकी ११,४०५. फलक हिरवा, तू मोकळी, मी मोकळा."

"मी असं लिहिणार नाही."

"यंत्रच सांगतंय ना नाही म्हणून?"

"यंत्र सांगतंय, या पत्त्यावर माझ्याकडे नाही. जगात नाही असं ते म्हणत नाही, साहेब. तेवढा उद्धटपणा त्याच्यातही नाही. ग्रंथालयाला मी पत्र धाडलंय, कपाट बदललं असेल तर शोधा म्हणून. उत्तर येईपर्यंत सातही जागा राहतील."

"सोमवारपासून तुला खालच्या खिडकीवर बसावं लागेल. छायाप्रती काढायला."

"बसेन."

"फुआतिनो, माझीही नोकरी आहे गं!"

"आहे ना. म्हणून तर तुमच्या वतीने खोटं लिहीत नाहीये."

तिने दाखला पुढे ओढला, 'पूर्ण' या शब्दावर आडवी रेघ मारली, वर लिहिले 'सात यायचे आहेत' आणि सही केली. मग पेन माझ्यासमोर धरले. मी माझ्या जुन्या सहीवर काट मारली आणि तिच्या खाली नवी केली. ती तिरपी उमटली. त्या जुन्या सुनावण्यांतली अक्षरे तिरपी का होती ते मला तेव्हा कळले.

रात्रभर शहरातच थांबलेल्या सालोताला तिने नवा कागद दिला, आणि मोठ्याने वाचून दाखवला: 'या क्रमांकाची साक्ष झाल्याची नोंद सूचीत आहे. दस्तऐवज पाच वेळा मागवला. दूरच्या संग्रहाने तो आपल्याकडे सापडत नसल्याचे कळवले. साक्ष झाली नव्हती असे हे कार्यालय म्हणत नाही. आधीचा कागद चुकीचा असून रद्द करण्यात येत आहे.' खाली फुआतिनोचे नाव, तारीख आणि वेळ.

"म्हणजे बापाचं बोलणं नाहीच मिळालं."

"नाही मिळालं, आजी."

"पण तो बोलला नाही, असं आता कोणी म्हणणार नाही."

"या कागदावरून तरी नाही."

म्हातारीने कागद चार घड्या करून तारोच्या शेजारी ठेवला. "चुलतभावांसाठी एक जास्तीची प्रत काढ," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरांत."

शुक्रवारी मंत्र्यांचे भाषण झाले. संचालकांनी लाल फलकावर झाडाच्या सालीचे नक्षीदार कापड टांगले होते. पंख्याच्या वाऱ्याने ते मधूनमधून उचलले जाई आणि खालचा आकडा दिसे. सालोता मागच्या चटयांवर बसली होती. तिच्या शेजारी हातभर जागा मोकळी होती, आणि सभागृहात उभे राहायलाही जागा नव्हती. एक स्वयंसेवक कुणा पाहुण्याला तिकडे घेऊन आला.

"आजी, जरा सरकता का? इथं कोणी नाहीये ना?"

म्हातारीने मान वर केली नाही. त्या मोकळ्या चटईवर तिने आपला तळहात पसरून ठेवला.

"आहे," ती म्हणाली. "यायचाय."