दोन वडगावं

सुगंधाने पाकिटाच्या तळाशी पट्टी धरून सहा चौकटी आखल्या आणि प्रत्येकीत एकेक आकडा बसवला. आकडा रेषेला टेकणार नाही याची काळजी घेतली. वर नाव, गाव, तालुका, जिल्हा. तिकिटासाठी कोपरा मोकळा.

वडगावचं टपाल सांभाळणारे अभिमन मास्तर चष्म्यावरून बघत होते.

"पिनकोड येऊन वर्ष होत आलं. पण लिहितं कोण?"

"मी लिहिते ना, मास्तर. या पाकिटातूनच उत्तर पाठवा, असं शाळेला कळवणार आहे."

गेल्या वर्षी धुळ्यात देवपूरच्या याच शाळेनं तिला शिक्षिकेच्या मुलाखतीला बोलावलं होतं. पाकिटावर नुसतं 'मु. पो. वडगाव' होतं. पत्र जळगावकडच्या वडगावला गेलं आणि तिच्या हाती आलं तेव्हा मुलाखत होऊन बारा दिवस झाले होते. घरच्यांनी स्थळं बघायला घेतली. तिनं एक वर्ष मागून घेतलं होतं; त्यातला आता महिनाच उरला होता.

या खेपेला उत्तर वेळेत आलं. मुलाखत शनिवारी अकरा वाजता, जागा एक.

गुरुवारी मास्तरांनी आणखी एक पाकीट दाखवलं. कोपऱ्यात त्याच शाळेचा शिक्का. 'कु. लता हिलाल पाटील, मु. पो. वडगाव.'

"या नावाचं आपल्याकडे कोणी नाही. त्या वडगावचं असणार. उद्याच्या थैलीत घालतो."

"शनिवारपर्यंत पोचेल?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. "आणि दुसऱ्याचं पत्र तुझ्या हाती देता येत नाही."

"नका देऊ. आत काय आहे ते मला ठाऊक आहे."

आईनं, झुंबरबाईनं, भाकरी बांधून दिली, पण तिला गप्प बसवेना.

"तुनी जागा तिले भेटी जाई. कसाले जास तू?"

सुगंधानं आपलं पत्र पिशवीत ठेवलं आणि शुक्रवारी सकाळी त्या दुसऱ्या वडगावसाठी एसटी धरली. धरणगावहून पुढे दोन कोस पायी. ऊन कलता कलता तिला हिलाल पाटलांचं घर सापडलं.

"कोनी पोर शे तू?" लताच्या आईनं, ताईबाईनं विचारलं.

सुगंधानं स्वतःचं पत्र पुढे केलं. "लताताईंनाही असंच आलंय. आमच्या वडगावला. उद्या अकरा वाजता."

लता दारात आली. तिनं पत्र वाचलं, वरचं नाव पुन्हा वाचलं आणि ती खाली बसली.

"गेल्या वर्षी तुमचं पत्र इथं आलं होतं. पोस्टमननं आमच्या घरी टाकलं. माझंही आलं होतं, म्हणून पाकीट ओळखलं. मुलाखत होईपर्यंत मी ते ठेवून घेतलं."

ताईबाईनं लेकीकडे पाहिलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

सुगंधाच्या हातातली पिशवी घट्ट आवळली गेली. तिनं विचारलं, "मग जागा तुम्हाला का नाही मिळाली?"

"तिसरीच कोणी घेतली. वर्षभरात सोडून गेली म्हणे."

सुगंधानं लताच्या हातातून पत्र घेतलं, घडीवर घडी घालून पिशवीत ठेवलं. उठली. ताईबाई बाजूला सरली. पण सुगंधा दाराकडे न जाता पडवीतल्या रांजणाकडे गेली. पायांवरची धूळ धुतली. मग ओल्या पायांनीच आत येऊन भिंतीला टेकून बसली.

"धरणगावहून धुळ्याची पहिली गाडी किती वाजता?"

"सहा."

"मग चारला उठवा," ती म्हणाली. "दोघींना."