फुंकरीची कॅसेट

दर गुरुवारी करंजाड्याच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसे. जगनमहाराज टीव्ही गेमची पंचवीस वर्षांपूर्वीची, खाडीच्या चिखलात सापडलेली कॅसेट यंत्रात बसवत. पडदा राखाडीच राही. मग ते ती काढून, मंत्र पुटपुटत फुंकर घालत, पुन्हा बसवत आणि पडद्यावर रंगीत माणूस उड्या मारू लागे. मेलेल्या कॅसेटीत प्राण फुंकणारा तुमच्या छातीत फुंकणार नाही का, असा त्यांचा सवाल. शिकलेलेही माना डोलवत. निम्म्यांनी लहानपणी स्वतःच कॅसेटीत फुंकर मारलेली!

दिपिका नवीन पनवेलात टीव्ही दुरुस्त करी. तिला हा तमाशा बघवत नसे, कारण तिचे सासरे काशीराम याच फुंकरीच्या भरवशावर टीबीच्या गोळ्या सोडून बसले होते. दोन महिने गोळ्या घेऊन खोकला थांबला, त्याचं श्रेय महाराजांनी लाटलं. गोळ्या सुटून चार महिने झाले आणि आता थुंकीत रक्त येत होतं.

त्या गुरुवारी सासऱ्यांशेजारी हॉलमध्ये बसलेली ती उठली. महाराजांच्या हातून कॅसेट घेऊन, न फुंकता, नीट दाबून बसवली. गेम सुरू! महाराज म्हणाले, मागच्या फुंकरीचा गुण. तिने घरी माळ्यावर पडून असलेली नवऱ्याची जुनी कॅसेट पिशवीतून काढली, तिचे यंत्राला टेकणारे पत्र्याचे दात खोडरबराने घासले आणि बसवली. तीही सुरू झाली.

"गाण्याच्या कॅसेटसारखं हिच्या आत फिरणारं काही नसतं," ती म्हणाली. "गेम चिपमध्ये कायमचा कोरलेला, म्हणून टिकतो. मळतात ते फक्त दात. काढघाल केली की मळ खरवडला जातो. फुंकरीने उलट दमटपणा येऊन ते गंजतात. महाराज पहिल्यांदा मुद्दाम ती अर्धवट बसवतात, एवढीच करामत."

काशीराम हळूच म्हणाले, "मंग मी गोल्या उगाच सोडल्या?"

तिने त्यांना हाताला धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. अर्धवट सोडल्यामुळे त्या गोळ्या आता लागूच पडत नव्हत्या. नवं, जहाल औषध सुरू झालं, पण उशीर झाला होता. दोन महिन्यांत काशीराम गेले. महाराज आता उलव्यात बसतात आणि तिथेही गर्दी होते.

दिपिका तिथेही जाते. दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला ती एवढंच सांगते, "खोकला थांबला तरी गोळ्या थांबवू नका. माझ्या सासऱ्यांनी थांबवल्या होत्या."