सरळ केलेलं लाटणं

मी सुतार. वाकडं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. पाहुणा म्हणून गेलेल्या घरातलं टेबल डुगडुगत असलं, तरी मी चहा सोडून त्याच्या पायाखाली पुठ्ठा सारायला वाकतो. ही खोड म्हणजे हुशारी, असं मी बावीस वर्षं समजत आलो. गेल्या मंगळवारी त्या हुशारीने माझ्या आईचं जेवण तोडलं.

आई चौऱ्याहत्तरची आहे. मी चौदा वर्षांचा असताना बाबा गेले आणि भांडुपच्या आमच्या खोलीत बसून ती चपात्या लाटून विकायला लागली. रोज अडीचशे, तीनशे, अशा सत्तावीस वर्षं. त्यावर मी वाढलो, त्यावरच माझं वर्कशॉप उभं राहिलं. मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग माणसं गेली, त्यात मीही गेलो. राहिलं फक्त तिचं लाटणं. ते दिवसभर तिच्या मांडीवर लागायचं. हातात लाटणं असलं की घासाला तोंड उघडायचं, नसलं की नाही. माझी बायको श्रुतिका आधी तिच्या हातात लाटणं द्यायची आणि मगच भरवायची.

आणि मला त्या लाटण्यात काय दिसलं? मध्ये झिजलेलं, एका अंगाला जास्त, मुठी काळ्याकुट्ट, टोकाला चीर. मंगळवारी सकाळी आई झोपली होती. मी ते गुपचूप वर्कशॉपमध्ये नेलं, लेथवर चढवलं आणि दहा मिनिटांत सरळसोट करून टाकलं. आतून पांढुरकं, बारीक रेषेचं, टणक लाकूड निघालं. बाबांनी गावाहून आणलेलं, कुठल्या झाडाचं ते त्यांनाच ठाऊक. मी मोठ्या अभिमानाने त्याला तेल पाजलं. म्हातारी खूश होईल म्हणे!

तिने ते हातात घेतलं. दोन्ही तळव्यांत फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. मग बाजूला ठेवून दिलं आणि रिकामे हात मांडीवर घेऊन बसली. त्या दुपारपासून तिने घास घेतला नाही.

"तुला कोणी सांगितलं होतं रे हात लावायला?" श्रुतिका म्हणाली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी डॉक्टर घरी येऊन गेले. चार दिवस नुसतं पाणी आणि चमचा-दोन चमचे पेज. "सोमवार सकाळपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल," ते म्हणाले. "असे पेशंट नळी ओढून काढतात, म्हणून हात बांधावे लागतात. आधीच सांगून ठेवतो." ते जिना उतरून गेले तरी मी आईच्या हातांकडेच बघत होतो.

कापून टाकलेलं लाकूड पुन्हा चिकटत नाही. नवीनच लाटणं करायला हवं होतं. वर्कशॉपमधल्या सागाचं एक केलं, तिने नाकाशी नेऊन खाली ठेवलं. रबरवुडचं केलं, ते तर हातात घेताक्षणी सोडून दिलं. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. सत्तावीस वर्षं तिची बोटं जिथे टेकत होती, ते खळगेच मी खरडून टाकले होते. माप घेण्यात माझं आयुष्य गेलं आणि त्या खळग्यांचं एक माप मला आठवेना. मी भुशात बसून ढसाढसा रडलो.

रडून झाल्यावर एक गोष्ट सुचली. दार चौकटीला घासत असलं की आम्ही कडेला गेरू लावून दार एकदा बंद करतो. गेरू जिथे उमटेल तिथे रंधा मारायचा. तसाच गेरू आईच्या तळव्यांना लावायचा. पण सागावर गेरू दिसायचा नाही. लाकूड पांढुरकं हवं, ठसा पसरू नये इतकं बारीक रेषेचं हवं, आणि टणकही हवं, हातात वजन लागलं पाहिजे.

तडक घाटकोपरला हर्षदभाईच्या वखारीत गेलो. खिशात गेरूची पुडी होतीच.

"ॲश घे ना, एकदम गोरा," हर्षदभाई म्हणाला. मी गेरूचा अंगठा उमटवला तर रंग रेषारेषांतून पळाला. बीच गुलाबी, त्यात ठसाच हरवला. शिवणीच्या लाकडाचा रंग छान, पण नख रुतलं. हळदू बारीक आणि गुळगुळीत, पण इतका पिवळा की गेरू कुठे संपतो तेच कळेना.

"अरे निलेश, लाकूड घेतोस की होळी खेळतोस, यार?"

"आई जेवत नाही माझी!" मी ओरडलो. "तिच्या हाताचं माप घ्यायचंय मला, आणि तुमच्या अख्ख्या वखारीत एक धड तुकडा नाही?"

हर्षदभाई स्वतः माळ्यावर चढला आणि धुळीने माखलेला हातभर तुकडा घेऊन उतरला. पवईच्या कुठल्याशा बंगल्याच्या कठड्यातून उरलेला मेपल. नख रुतलं नाही. ओला हात फिरवला, रेषा उठली नाही. गेरू लावून अंगठा टेकवला, तर अंगठ्यावरची रेष न् रेष उमटली. मी तो तुकडा छातीशी धरून घरी आणला.

रविवारी सकाळी जाडसर गोल करून आईसमोर बसलो. तिच्या तळव्यांना गेरू लावला, लाटणं धरायला दिलं, काढून घेतलं. लाल उमटलं तिथे काचेच्या तुकड्याने खरवडलं. पुन्हा गेरू, पुन्हा काच. डाव्या अंगठ्याखाली जास्त जायचं, उजव्या करंगळीला जवळजवळ काहीच नाही. पाचव्यांदा दिलं, तिने टाकलं. नवव्यांदा टाकलं. माझी बोटं कापली, आणि रक्त कुठलं नि गेरू कुठला तेही कळेना. श्रुतिका म्हणाली, "पुरे आता, तिला त्रास होतोय." मी ऐकलं नाही. तिच्या बांधलेल्या हातांचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

चौदाव्यांदा दिलं तेव्हा तिने टाकलं नाही. मुठी आवळल्या, सैल सोडल्या, पुन्हा आवळल्या. मी घाईघाईने तिचे हात धुतले आणि मांडीवर पोळपाट ठेवला. ती लाटायला लागली. रिकाम्या पोळपाटावर, बोटांनी चपाती फिरवत, भराभर. श्रुतिका धावत जाऊन वरणभात घेऊन आली.

आईने कोपराने तिचा हात दूर केला. पाच दिवसांत पहिल्यांदा ती बोलली, तिच्या मालवणीत.

"आदी गिरायका जाव दी. मगे जेवतंय."

दारात तर एकही गिऱ्हाईक नव्हतं. मग मी उठलो, चपला घातल्या, बाहेर गेलो आणि दाराची कडी वाजवली.

"मावशी, चार चपात्या द्या."

तिने वर बघितलं. तीन वर्षांत मला बघून तिचा चेहरा असा फुलला नव्हता.

"उबो रव वायच," ती म्हणाली. चार लाटल्या, हवेतच रचल्या आणि माझ्या ओंजळीत ठेवल्या. "आजून कोण आसा?"

"कोणी नाही मावशी. मीच शेवटचा."

तिने लाटणं मांडीवर घेतलं आणि तोंड उघडलं. श्रुतिका भरवत होती, तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मलाही आत जाऊन आईच्या पायाशी बसायचं होतं. पण आत गेलो आणि तिचा हात थांबला तर? गिऱ्हाईक कधी घरात शिरत नाही. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो, ओंजळ तशीच धरून.

अर्धं ताट संपल्यावर तिचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"फाल्या बेगीन ये हां," ती चावता चावता म्हणाली. "उशीर केलंस तर संपतत."

"उद्या लवकर येतो, मावशी," मी म्हणालो.