घाईनं सोडलेलं बीज

दर्यापूरच्या पुढं खारपाणपट्ट्यात कुठंही बोअर मारा, पाणी खारंच लागतं. पिताही येत नाही, पिकालाही चालत नाही. या पाण्यात समुद्रातली कोळंबी वाढेल, हे घरच्यांच्या गळी उतरवायला रागिणीला दोन वर्षं लागली. अमरावतीला प्राणिशास्त्र शिकलेली ती घरातली एकटीच. अखेर तळं खणलं. पाण्यात काय कमी, काय जास्त, हे ती रोज तपासायची.

कोळंबीचं बीज आलं त्या सकाळी पिशव्यांत केसाएवढी पिल्लं वळवळत होती.

"यायले आज टाकीतच ठेवा लागते," ती नवऱ्याला, धर्मेंद्रला म्हणाली. "पिशवीतलं पाणी आपल्यापेक्षा तिप्पट खारट हाय. एकदम सोडलं तं आंगात पाणी शिरते अन् मीठ निघून जाते. कल्ले ते मीठ परत ओढून घेतात, पण त्यायले वेळ पाह्यजे. तळ्याचं पाणी थोडं थोडं टाकत जावं लागते."

"अन् मत्स्य खात्याचे साहेब बीज सोडाले अकराले येऊन राहिले, त्यायचं काय?"

तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. "मामाजी, तुमी तरी सांगा."

पुंजाराम खाली पाहत म्हणाले, "गाव जमलं हाय, पोरी. लाज नको जाऊ देऊ."

साहेब आले. रागिणी पिशव्यांपुढं उभी राहिली, तर धर्मेंद्र सगळ्यांदेखत म्हणाला, "पुस्तक बंद कर आता." लोक हसले. ती बाजूला झाली. साहेबांनी कात्रीनं पिशव्या फोडल्या, टाळ्या पडल्या, चिवडा वाटला गेला.

दुपारी तिनं जाळी बुडवून वर काढली. काचेसारखी पिल्लं दुधासारखी पांढरी पडली होती. दुसऱ्या दिवशी तळाशी त्यांचा थर साचला आणि वास सुटला. तो थर उपसायला ती एकटीच तळ्यात उतरली.

पेपरात मात्र फोटो छापून आला. प्रयोगशील शेतकरी, धर्मेंद्र.

आठवड्यानं शेजारच्या मैनाबाई सांगून गेल्या, "बायकोनं पाणी मोजण्यात चूक केली, म्हणून राहिला तुहा नवरा."

रागिणीनं त्याला विचारलं, "तुमी असं सांगतलं?"

"मंग काय साहेबाचं नाव घेऊ?" त्यानं जेवता जेवता विचारलं. भाजी परत मागितली. तिनं वाढली.

महिन्याभरानं अकोल्याहून त्याला बोलावणं आलं, शेतकऱ्यांपुढं अनुभव सांगायला. "दोन पानं लिहून दे," तो म्हणाला. "बीज कसं सोडा लागते ते. तुले येते."

कोरी पानं पुढं घेऊन रागिणी बराच वेळ बसली. चुकीचं लिहून द्यावं, असं एकदा मनात आलंच. पण मग दुसऱ्या कुणाच्या तळ्यातली पिल्लं पांढरी पडली असती. तिनं सगळं बरोबर लिहिलं, वेळेसकट, मापासकट.

रागिणीच्या मोबाइलवर कुणी तरी भाषणाचा व्हिडिओ पाठवला. धर्मेंद्र तिनं लिहिलेलं घडाघडा वाचत होता. शेवटी म्हणाला, "हे मी सोता नुकसान सोसून शिकलो." समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या. पुंजारामांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि खाली पाहतच फोन सुनेला परत दिला.