किडा निघाला नाही

"आ कर रे विक्की. वाघ जांभई देते ना, तसा मोठा आ."

"वाघाचं नाव नका घेऊ बाई, भेते तो," मुखरूभाऊ पोराचं डोकं दोन्ही हातांनी धरून म्हणाला. "मांगच्या हप्त्यात आमच्या धानाच्या बांदीतून चालत गेला. तवापासून मुतायले एकटा जात नाई."

विक्कीने रडता रडता आ केला. मोठीमायने खापरात निखारा ठेवला, त्यावर तेलात भिजवलेलं रिंगणीचं बी टाकलं आणि धुरावर बांबूची नळी धरली. नळीचं दुसरं तोंड विक्कीच्या दाढेवर. ती पुटपुटत होती, विक्की खोकत होता, मुखरूभाऊ श्वास रोखून बसला होता. मग तिने खापर काशाच्या वाटीतल्या पाण्यात पालथं केलं. चुर्र झालं. पाण्यावर बारीक, पांढरे, वळलेले किडे तरंगायला लागले.

"हे पाह्य! एवढे होते बाप्पा!" मुखरूभाऊने हात जोडले आणि जाताना बिस्किटाचा पुडा ठेवला. मोठीमाय पैसे घेत नाही. त्यामुळे तिच्या फळीवर बिस्किटांची चळत कायम असते.

मोठीमाय म्हणजे नीलाबाई, माझ्या बाबांची मोठी वहिनी. आमची घरं दोन, अंगण एक. आणि मी साधना, नववी ब, शाळेची आरोग्यदूत. मला बिल्ला आहे! पूर्वी हजेरीलासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही. आता सर म्हणतात, साधना, थोडं दुसऱ्यांनाही बोलू दे.

शाळेत दातांचं शिबिर झालं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दाढेत किडा-बिडा काही नसतो. गोड चिकटून राहतं, त्यावर जंतू वाढतात, दात आतून पोखरला जातो. मी हात वर करून म्हणाले, "पण मॅडम, मी डोळ्यांनी पाहिलेत." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तूच शोध, ते कुठून येतात."

मी शोधलं. घरी कुणी नसताना निखारा घेतला, तेल घेतलं, बी टाकलं. खापर पालथं केलं. किडे आले! कुणाचंही तोंड नव्हतं, तरी आले. बी तडकून त्याच्या पोटातला कोंब बाहेर पडतो, बस्स. मी वाटी घेऊन नाचतच मोठीमायकडे गेले.

"मोठीमाय, हे पाह्य! कोनाच्या तोंडाजवळ नेलंच नाई!"

ती तांदूळ निवडत होती. वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मालूम हाये मले."

"कवापासून?"

"तू पैदा नव्हती तवापासून. सासूनं मरतानी नळी देली. एक दिवस मीबी तुह्यासारखंच करून पाह्यलं."

"मंग सांगत काऊन नाई लोकाईले?"

"कोनाले सांगू? सासूची माती झाली, आता तिले लबाड म्हनू? का मुखरूले सांगू, का त्याच्या बापाच्या दाढेतला किडा माह्या हातचा होता?" सुपातला एक खडा तिने अंगणात भिरकावला. "एकबार एकीले म्हटलं, दवाखान्यात ने पोट्टीले. तं म्हने, आमी का बिघडवलं तुमचं, काऊन तोडून राह्यल्या? दारातून उठेच ना. धुरानं घडीभर ठनका बसते. लेकरू झोपते. त्याची माय पाया पडते. आता सांग, मी का करू?"

मी वाटी अंगणात उपडी केली.

मग दिव्याचा गाल सुजला.

दिव्या मोठीमायची नात, सात वर्षांची. तिचा बाप सुनिलदादा कोरपन्याकडे सिमेंट फॅक्टरीत कामाला असतो. दाढ दुखते असं ती बरेच दिवस म्हणत होती. मोठीमाय म्हणायची, "दुधाची हाय, पडून जाईन आपोआप." ते तिला खरंच वाटत होतं, त्यात काही लबाडी नव्हती. पण आता गाल टोमॅटोसारखा लाल झाला, अंग तापलं, तोंड उघडेना. दारात बाया जमल्या.

"नीलाबाई, बसून काऊन राह्यल्या? दुसऱ्याच्या लेकराईचे किडे झाडता, घरच्या पोट्टीचे नाई?"

"झाडा ना माय," दिव्याची आई मंजुषावहिनीही रडत म्हणाली. "तुमच्या हाताले गुन हाये."

मोठीमायने नळी हातात घेतली. खरंच घेतली. दिव्याकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. फोनवर सुनिलदादा ओरडत होता, "झाडलं का? माय, झाडलं का?" मोठीमाय कुडाला पाठ लावून अशी उभी होती, जशी माघारी जायला जागाच नाही. बाहेर सिंदेवाहीच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"मोठीमाय, गाडी!" मी ओरडले.

तिने नळी खोचली वळचणीला आणि दिव्याला कडेवर उचललं. बाया बाजूला झाल्या.

सिंदेवाहीच्या दवाखान्यात शिबिरातल्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी औषध लिहून दिलं आणि विचारलं, "रात्री काय खाऊन झोपतेस गं?"

"बिस्किट," दिव्या सुजलेल्या तोंडाने म्हणाली. "आमच्या घरी गजब पुडे असतात. आजी किडे काढते ना, म्हून लोक आनून देतात."

बाईंनी मोठीमायकडे पाहिलं. मोठीमाय पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"ही दाढ दुधाची नाही, आई. सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे येते. आधी कुठला दात पडत नाही, म्हणून घरच्यांना दुधाचीच वाटते. लवकर आणली असती तर भरता आली असती."

"आता?"

"सूज उतरली की काढावी लागेल."

"मंग नवी येन ना?"

"नाही येणार."

पुढच्या खेपेला दाढ काढली. दिव्याने ती कागदात बांधून आणली आणि आमच्याकडे पडलेले दात फेकतात तशी घराच्या छपरावर, कवेलूवर फेकली. "आजी, नवी कवा येन?"

"हात-पाय धू जा," मोठीमाय म्हणाली.

त्याच संध्याकाळी मुखरूभाऊ परत आला. विक्कीची दाढ पुन्हा ठणकत होती. "एक किडा राह्यला असन बाई. अजून एकबार झाडा."

"दवाखान्यात ने, मुखरू."

"काऊन? आमचं का चुकलं?"

मी बिल्ला सरळ केला. सगळं सांगायला पुढे झाले. मोठीमायने एवढंच म्हटलं, "साधना, बी आन."

मी आणलं. तिने निखारा ठेवला, तेल सोडलं, नळी धरली, पुटपुटली. पण बी मुठीतून खाली पडलंच नाही. मी तिच्या शेजारीच होते, मला दिसलं. खापर पालथं झालं. चुर्र. पाण्यावर तेलाचा एक ठिपका, बाकी काही नाही.

"फिरून पाहा बाई."

तिने फिरून केलं. पाणी स्वच्छ.

"निघत नाई, मुखरू. हात गेला माहा."

मुखरूभाऊ घाबरून मागे सरकला. "दवाखान्याची पायरी चढल्या म्हून तं नाई?"

"असन." मोठीमायने विक्कीचे डोळे पुसले. "सकाळच्या गाडीनं ने याले. दुधाची हाय म्हून थांबू नको. मी येतो संग."

तो गेल्यावर मी फणफणले, "खरं काऊन नाई सांगितलं? आता लोक म्हनतीन, दवाखान्यात गेलं का गुन जाते!"

"म्हनू दे. पोट्टं तं जाईन ना दवाखान्यात." तिने मूठ उघडून बी चुलीत टाकलं. ते आत तडतडत राहिलं.

आता नळावर बाया हळू आवाजात बोलतात, हात गेला म्हणे नीलाबाईचा. पूर्वी बारशाला बाळ आधी तिच्या मांडीवर द्यायचे, आता देत नाहीत. शाळेत सरांनी मला अंधश्रद्धेवर बोलायला सांगितलं. मी ब्रश कसा धरावा यावरच बोलले.

काशाची वाटी कोंबड्यांच्या पाण्याला लागली. सकाळी उन्हात मोठीमाय दिव्याला पुढ्यात बसवते, ब्रश ओला करते.

"आ कर. वाघ करते तसा."

दिव्या डरकाळी फोडते. मोठीमाय एकेक दाढ घासत मागे जाते. रिकाम्या जागेशी तिचा हात थांबतो. मग ती दुसऱ्या बाजूने सुरुवात करते.